बाथरूमच्या भिंतींना १८ मिमी ग्रॅनाइट लावायचा आहे, मागे वॉटरप्रूफिंग कसं करावं?

अर्धाफ्लॅट

पुण्यातल्या फ्लॅटचं मास्टर बाथरूम जुन्या टाइल्स काढून भिंतींपर्यंत उघडं केलं आहे. आतून ८ × ५ फूट, उंची ८ फूट, दार अडीच बाय सात. भिंती चार इंची सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकच्या, शॉवरच्या कोपऱ्यात मात्र दीड फूट रुंद आरसीसी कॉलम येतो. टाइल्स काढताना जुनं प्लास्टर निम्म्या ठिकाणी निघून ब्लॉक दिसायला लागलेत, निम्म्या ठिकाणी ते शाबूत आहे. शॉवरच्या भिंतीपलीकडे बेडरूमचं कपाट आहे, आणि तिथे आधीच पोपडे आलेले आहेत.

चारही भिंतींना लेदर फिनिश काळा ग्रॅनाइट, १८ मिमी, २ × ४ फुटी तुकडे. फक्त बेसिनमागे तीन फुटांचा पट्टा पिवळ्या जैसलमेर दगडाचा.

मिस्त्रींचं म्हणणं असं: प्लास्टरच्या मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकू, तेवढं पुरे. भिंतीला रबरासारखं कोटिंग मारलंत तर दगडाला पकड राहणार नाही, जड दगड आहे, निसटेल. दगडाला मागून मालाचे चार-पाच लाडू लावून वरून सिमेंटचा घोळ ओतू.

माझे प्रश्न:
१. लिक्विड पुरेल की कोटिंग हवंच?
२. कोटिंगवर एवढा जड दगड धरेल का?
३. कोटिंग किती उंचीपर्यंत?
४. दगड धरून ठेवायला स्टीलच्या पिना मारायच्या तर कोटिंगला भोकं पडणार, त्याचं काय?

---

ओळंबा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघतात.

ग्रॅनाइटची घनता साधारण २७०० किलो प्रति घनमीटर. १८ मिमी जाडीला चौरस मीटरला ४८-४९ किलो, म्हणजे चौरस फुटाला साडेचार. तुमचा एक तुकडा ३६ किलोचा. हातात घेतला की जड, पण पूर्ण पाठ चिकटलेली असेल तर चिकटावर (टाइल अॅडहेसिव्हवर) येणारा ताण चौरस मिलिमीटरला ०.०००५ न्यूटनच्या आसपास. टाइलखाली चालणाऱ्या कोटिंगला युरोपीय मानक ईएन १४८९१ चौरस मिलिमीटरला किमान ०.५ न्यूटन पकड मागतं. हजारपट फरक आहे. तेव्हा कोटिंग योग्य प्रकारचं असेल आणि चिकट सेट झालेला असेल, तर दगड नुसत्या वजनाने सुटत नाही.

सुटतो तो चार कारणांनी. मागे लाडू लावलेले असल्यामुळे खरी पकड पाठीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर असते. किंवा दगडाच्या पाठीवर कटिंगची राख तशीच असते. किंवा खालचं प्लास्टरच ब्लॉकपासून सुटलेलं असतं आणि दगड प्लास्टरसकट येतो. किंवा प्लास्टर जिप्समचं असतं, ते ओल लागली की मऊ पडतं. ब्लॉक, प्लास्टर, कोटिंग, चिकट आणि दगड असे पाच थर आहेत. त्यातला जो सगळ्यात कच्चा, तिथून भिंत फाटणार. मिस्त्री कोटिंगला दोष देतायत. तुमच्या भिंतीत खरी भीती शाबूत दिसणाऱ्या जुन्या प्लास्टरची आहे.

म्हणून: हातोडीच्या दांड्याने सगळं जुनं प्लास्टर ठोकून बघा. बद्द आवाज आला की तेवढा भाग काढा. निम्मं आधीच निघालंय तर मी सगळंच काढून टाकेन, ठिगळांच्या सांध्यावर हमखास केसासारख्या भेगा येतात. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, चार इंची सिपोरेक्स हादऱ्याने सांध्यात मोकळा होतो. छिन्नी-हातोडीच बरी.

नवीन प्लास्टर:

ब्लॉक ब्रशने झाडून धूळ काढायची, मग हलकं पाणी शिंपडायचं. विटेसारखा पाणी पाजून भिजवायचा नाही. सिपोरेक्स भरपूर पाणी पितो आणि नंतर आठवडेच्या आठवडे सोडत राहतो. त्यावर सिमेंट आणि जाड वाळूचा, बाँडिंग लिक्विड घातलेला पातळ माल फटकारून खरबरीत थर द्यायचा. तो एक दिवस कडक झाला की १:४ चं (एक भाग सिमेंट, चार वाळू) प्लास्टर, १२ ते १५ मिमी. १:३ करू नका. सिमेंट जास्त म्हणजे मजबुती जास्त असं इथे चालत नाही. ब्लॉक मऊ, प्लास्टर कडक, आकसताना ते ब्लॉकची साल घेऊन सुटतं.

कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी फायबर किंवा गॅल्व्हनाइज्ड जाळी. कॉलमला टोचे मारून घ्या. शटरिंगच्या तेलाचा गुळगुळीत पापुद्रा राहिला तर प्लास्टर तिथे नुसतं टेकून उभं असतं.

शेवटी लाकडी रंध्याने खरबरीत फिनिश. सिमेंट घोटून चकचकीत करायचं नाही. तो घोटलेला पातळ थरच पुढे सगळ्यांत आधी सुटतो.

ओळंबा आणि दोन मीटरची पट्टी लावून फरक ३ मिमीच्या आत हवा. चिकटाने फार तर १०-१२ मिमी झाकता येतात, भिंत सरळ करायचं काम प्लास्टरचं. सात दिवस पाणी मारा, मग उघडं सुकू द्या. कोटिंग प्लास्टर झाल्यापासून किमान दोन आठवड्यांनी, चार मिळाले तर उत्तम. आकसून ज्या भेगा पडायच्या त्या आधी पडून जाऊ देत.

लिक्विडबद्दल: पन्नास किलोच्या गोणीला २०० मिली टाकायचं ते लिक्विड प्लास्टर कमी झिरपतं करतं. टाकायला हरकत नाही. पण प्लास्टरला भेग गेली की ते भेगेत काही करू शकत नाही, आणि पाणी भेगेतूनच जातं.

---

टाइलवाला_नाही

एवढं कशाला? ग्रॅनाइट पाणी पीत नाही, सांध्यात एपॉक्सी ग्राउट भरा. पाणी आत जाणार कुठून? कोटिंगचा खर्च फ्लोअरवर करा.

---

थरावर_थर

@टाइलवाला_नाही, पाणी जातं ते नळाच्या भोकातून, शॉवरच्या पाइपाभोवतून, फ्लोअर आणि भिंतीच्या कोपऱ्यातून. एपॉक्सी ग्राउट स्वतः पाणी जाऊ देत नाही, पण दगडाची कड आणि ग्राउट यांच्यात केसाएवढी फट पडली की संपलं. लेदर फिनिशच्या खडबडीत कडेवर ती लवकर पडते. शिवाय यांच्याकडे जैसलमेर आहे, तो सच्छिद्र चुनखडक, तो पाणी पितोच. आणि ज्या भिंतीमागे आधीच पोपडे आलेत, तिथे हा जुगार कोण खेळणार?

आता कोटिंग. दोन घटकांचं अॅक्रिलिक-सिमेंट कोटिंग घ्या: एक कॅन लिक्विड, एक पिशवी पावडर. पाकिटावर टाइलखाली चालतं असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. गच्चीचं कोटिंग भिंतीला आणू नका. त्यातली बरीचशी उघडी ठेवण्यासाठी असतात, त्यांच्यावर सिमेंटचा चिकट बसत नाही. काळं डांबरी तर मुळीच नाही. मिस्त्री म्हणतात तसा दगड सुटण्याचा प्रकार अशाच कोटिंगवर होतो, त्यामुळे त्यांची भीती हवेतली नाही, फक्त माल चुकीचा होता. पॉलियुरेथेन वापरायचंच असेल तर शेवटचा हात ओला असताना त्यावर कोरडी, धुतलेली क्वार्ट्झ वाळू भरपूर फेकायची, सुकल्यावर सुटी वाळू झाडायची, आणि मग त्या खरबरीत पृष्ठावर चिकट. भिंतीवर हे काम किचकट आहे, अॅक्रिलिक-सिमेंट सोपं.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा कोपरे. फ्लोअर-भिंत आणि भिंत-भिंत सांध्यात पॉलिमर मिसळलेल्या मालाचा गोलावा, खाली साधारण दोन इंची, उभ्या कोपऱ्यात इंचभर पुरतो. काटकोनात कोटिंग मारलं तर ब्रश खाचेत माल साठवतो, तो जाड थर सुकताना तडकतो. उभ्या कोपऱ्यातला गोलावा दगडाच्या आड येईल अशी तक्रार मिस्त्री करतील. दगडाची मागची कड ग्राइंडरने तिरपी मारून घेतली की बसतो.

मग भिंत ओली करायची, पण वरचं पाणी दिसेनासं होईपर्यंत थांबायचं. आतून ओलसर, वरून कोरडी अशी हवी. कोरड्या भिंतीने लिक्विड शोषलं तर पावडर वर राहते आणि बोट फिरवलं की पिठासारखी येते.

लिक्विड बादलीत आधी, त्यात पावडर थोडी थोडी, कमी वेगाच्या ड्रिल मिक्सरने तीन मिनिटं. वरून पाणी घालायचं नाही. हे दहादा सांगा, कारण घट्ट वाटलं की कारागिराचा हात मगाकडे जातोच. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा.

पहिला हात उभा. तो ओला असतानाच सगळ्या कोपऱ्यांत, कॉलमच्या सांध्यावर आणि पाइप बाहेर येतो तिथे सहा इंची फायबर जाळी दाबून बसवायची, जाळीचे चौकोन मालाने भरले पाहिजेत. चार ते सहा तासांनी दुसरा हात आडवा. उभा-आडवा करण्याचं कारण एवढंच की ब्रशच्या रेघांमधल्या सुटलेल्या जागा दुसऱ्या दिशेने झाकल्या जातात. दुसऱ्या दिवशी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा उजेड टाका, टाचणीएवढी भोकं दिसतील. तिथे तिसरा हात.

जाडी मोजायचा सोपा मार्ग म्हणजे माल किती संपला ते बघणं. चौरस मीटरला दीड ते दोन किलो लागायला हवा, म्हणजे मिलिमीटरभर थर मिळतो. तुमच्या भिंतींवर दहा किलोत दोन हात झाले असं कोणी सांगितलं, तर तो रंग लावलाय, कोटिंग नाही.

या कोटिंगवर पाणी मारून क्युरिंग करत नाहीत, हवेवरच सुकू द्या. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात पुण्यातसुद्धा चार-पाच लागतात. नख दाबून वण उठला तर थांबा.

उंची: शॉवरच्या दोन्ही भिंती छतापर्यंत. बाकीच्या भिंतींना लोक फूटभर मारून थांबतात, मी चार फूट तरी घ्या म्हणेन, बेसिनमागे पाच. माल एकदा कालवलाच आहे तर सगळीकडे आठ फूट करायलाही फार जास्त लागत नाही. फ्लोअरचं कोटिंग भिंतीवर फूटभर चढवून भिंतीचं कोटिंग त्यावर किमान चार इंच यायला हवं. भिंत वेगळी आणि फ्लोअर वेगळा केला की गळती त्या सांध्यातूनच.

पाणी साठवून चाचणी फ्लोअरची ४८ तास: नहाणी ट्रॅप (फ्लोअरवरची पाणी जायची जाळी) बंद करून दोन इंच पाणी, भिंतीवर पातळीची पेन्सिलरेघ, आणि खालच्या फ्लॅटवाल्यांना आधी सांगून त्यांच्या छताचे फोटो. भिंतीची अशी चाचणी होत नाही. शॉवरच्या भिंतीवर पाइपाने तासभर संथ पाणी सोडा आणि दुसऱ्या दिवशी कपाटामागचा भाग बघा.

एक राहिलं. यातली कुठली भिंत इमारतीची बाहेरची भिंत असेल आणि पावसाची ओल बाहेरून येत असेल, तर आतल्या कोटिंगमागे पाणी दाबून फुगे येतात. ती ओल आधी बाहेरून थांबवा.

---

नळजोड

कोटिंगच्या आधी प्लंबिंग, हे सगळ्यांना माहीत असतं. जाड दगडात घोळ होतो तो डायव्हर्टरच्या, म्हणजे भिंतीत बसणाऱ्या शॉवरच्या मिक्सर नळाच्या, खोलीत.

डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकचं झाकण येतं, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. भिंतीचा शेवटचा चेहरा त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. नेहमीच्या टाइलला प्लास्टरपुढे १२-१३ मिमी धरतात. तुमच्याकडे कोटिंग दीड, चिकट सहा, दगड अठरा, म्हणजे २५-२६ मिमी. मिस्त्रींनी सवयीने बसवला तर बॉडी अर्धा इंच खोल जाईल, आणि मग नॉब आणि प्लेट बसेनात म्हणून दगड खरवडायची वेळ. एक्स्टेंशन किट मिळतं, पण प्रत्येक मॉडेलला नाही. प्लायवूडचा २५ मिमीचा तुकडा भिंतीला टेकवून त्यावरून खूण तपासायची, पाच मिनिटांचं काम आहे. यात फायदाही आहे: चार इंची ब्लॉकमध्ये खाच तेवढी कमी खोल लागते. आडव्या लांब झिऱ्या (पाइपासाठीच्या खाचा) त्या भिंतीत घेऊच नका, पाइप वरून उभे खाली आणा.

झिऱ्या मालाने दाबून भरा आणि त्यावर जाळी. नुसता माल भरला की झिरीच्या दोन्ही कडांना रेघ उठते आणि वरचं कोटिंग तिथेच तुटतं.

सगळ्या एल्बोंना प्लग लावून हातपंपाने दाब द्या. सीपीव्हीसी पाइपांना चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो दाब दोन तास ठेवतात; डायव्हर्टर जोडलेला असेल तर त्याच्या कंपनीची मर्यादा बघून. काटा हलता कामा नये. चाचणी झाली की पंप काढून टाकू नका. दाब थोडा कमी करून दगडकाम संपेपर्यंत लाइन भरलेली राहू द्या. कुणी खिळा ठोकून पाइप फोडला तर त्याच क्षणी कळतं, नाहीतर गृहप्रवेशाला कळतं.

प्लग थोडे लांब वापरा, म्हणजे कोटिंग त्यांच्या मानेपर्यंत ओढता येतं. पीव्हीसीचा पाइप कोटिंग लावण्याआधी सँडपेपरने खरबरीत करा, गुळगुळीत पाइपावर पकड येत नाही. नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवती नॉन-श्रिंक ग्राउट, मग जाळी, मग कोटिंग ट्रॅपच्या आत अर्धा इंच उतरवायचं.

शेवटी नळाच्या फ्लँजमागे सिलिकॉन वरच्या तीन बाजूंनी लावा, खालची बाजू उघडी ठेवा. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहते, आणि गळती असेल तर दिसते.

---

काळापत्थर

दगडाची बाजू मी सांगतो.

तुकडे आले की सगळे उलटे करून पाठी बघा. काही दगडांना, विशेषतः संगमरवराला, मागे रेझिनमध्ये चिकटवलेली फायबर जाळी असते. सिमेंटचा चिकट रेझिनला धरत नाही. काही महिन्यांनी दगड सुटतो आणि जाळी चिकटासकट भिंतीवरच राहते. अशी जाळी असली तर एकतर एपॉक्सी चिकट वापरा, नाहीतर ग्राइंडरने जाळी काढून दगड उघडा करा. पातळ, रेषाळ दगडात ती तुकडा एकसंध ठेवण्यासाठीच असते, तेव्हा काढताना तुटू शकतो. ग्रॅनाइटला सहसा नसते, पण बघून घ्या.

जाळी नसली तरी पाठीवर कटिंगची वाळलेली राख असते. ओलं फडकं फिरवून भागत नाही. ब्रश आणि पाण्याने घासून आदल्या दिवशी धुवा, उभे करून सुकवा. ओला हात फिरवल्यावर हाताला राखाडी लागलं तर परत धुवा.

चिकट: आयएस १५४७७ या भारतीय मानकात टाइप १ ते ५ आहेत. मोठ्या तुकड्यांना आणि दगडाला टाइप ३ पासून पुढे. पिशवीवर 'टी' अक्षर असेल तर तो उभ्या भिंतीवर कमी घसरतो. युरोपीय खुणेत सी२टीई एस१ असं लिहिलेलं असतं. एस१ म्हणजे थोडा लवचीक, कोटिंगवर तोच घ्या. जैसलमेरखाली पांढरा चिकट वापरा, राखाडी सिमेंटचा डाग पिवळ्या दगडातून वर येतो आणि कशानेही जात नाही.

लावताना भिंतीवर १०-१२ मिमी दात्यांच्या थापीने सगळ्या रेघा एकाच दिशेने, आडव्या. दगडाच्या पाठीवर सपाट बाजूने पातळ थर घासून. दगड टेकवल्यावर रेघांना आडवं, म्हणजे वर-खाली, अर्धा इंच हलवून दाबायचा, म्हणजे रेघा मोडून हवा निघते. पहिला तुकडा लावला की लगेच उपटून पाठ बघा. ९५ टक्के भरलेली हवी. नसेल तर मोठ्या दात्यांची थापी घ्या. मिस्त्रींच्या लाडूंचं उत्तर याच एका तुकड्यात त्यांना दाखवता येईल: लाडूंच्या मधल्या पोकळीत पाणी साठतं, आणि घोळ वरून ओतला तरी तो तळापर्यंत जातो की मध्ये अडकतो हे बाहेरून कळत नाही. वर ओल्या घोळाचा दाब खालच्या तुकड्याला पुढे ढकलतो ते वेगळंच.

भिंतीवर चिकट पसरून ठेवायचा नाही, एका तुकड्यापुरताच. बोट लावून बोटाला लागला नाही तर त्यावर साय आलीय. खरवडून टाका, पाणी शिंपडून जिवंत करू नका.

खालून वर जायचं. सगळ्यात खाली फ्लोअरपासून ५ मिमी फट ठेवून पाचर द्या. एका दिवसात दोन ओळी, त्यापेक्षा जास्त नको, कारण चिकट ओला असतानाच वजनाचा प्रश्न खरा असतो. टेका म्हणून भिंतीत खिळे मारायला सक्त मनाई करा. बल्ली समोरच्या भिंतीवरून किंवा फ्लोअरवरून द्या.

पिना: सहा फुटांवरच्या ओळींना मी लावायला सांगतो, चिकटावर अविश्वास म्हणून नाही, तर कधी काळी एखादा तुकडा सुटलाच तर तो डोक्यावर येऊ नये म्हणून. दगडाच्या पाठीत भोक पाडू नका, १८ मिमीत ते दर्शनी बाजूला फुटतं. वरच्या कडेत ग्राइंडरने ८-१० मिमी खोल खाच घ्या, त्यात एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची एल आकाराची पट्टी, एका तुकड्याला दोन. पट्टीचा स्क्रू सिपोरेक्सच्या नायलॉन प्लगमध्ये. विटेचा साधा प्लग या ब्लॉकमध्ये फिरतो. भोक पाडल्यावर धूळ फुंकून काढा, आत पॉलियुरेथेन सीलंट भरा आणि मग प्लग ठोका. बाहेर आलेलं सीलंट बोटाने पट्टीभोवती पसरवून टाका. कोटिंगची भोकं अशी बुजतात. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी नको, गंजाचा ओघळ जैसलमेरवर येतो.

सांधे २-३ मिमी. भिंत-भिंत कोपऱ्यात आणि फ्लोअरवरच्या ५ मिमी फटीत ग्राउट नाही, सीलंट. आणि ते न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन जैसलमेरची कड खातं.

---

अर्धाफ्लॅट

सगळ्यांचे आभार. ठोकून बघितलं, जुनं प्लास्टर जवळजवळ सगळीकडे बद्द वाजतंय, त्यामुळे सगळंच काढतोय. डायव्हर्टरचं तर डोक्यातच नव्हतं.

माल किती मागवू? आणि एवढं वजन भिंतीला, स्लॅबला झेपेल ना?

---

ओळंबा

चार भिंतींचा घेर २६ फूट, गुणिले ८ म्हणजे २०८, त्यातून दार साडेसतरा वजा. १९० चौरस फूट. फ्लोअर ४०. एकूण २३० चौरस फूट, म्हणजे २१.४ चौरस मीटर.

कोटिंग: १.८ किलोने ३८-३९ किलो. जाळी आणि तिसऱ्या हाताचं धरून ४५ किलो आणा.

चिकट: मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड किलो पावडर, सहा मिमीला ९ किलो. १९० चौरस फूट म्हणजे १७.७ चौरस मीटर, १६० किलो. २० किलोच्या ८ पिशव्या होतात. पाठीवरचा थर आणि वाया जाणारा धरून १०. त्यातल्या जैसलमेरपुरत्या दोन पांढऱ्या. तीन फुटांच्या पट्ट्याला एकच लागेल, पण अर्ध्यात संपली तर दुसऱ्या लॉटची छटा नको.

जाळी सहा इंची, ६० मीटर. कोपरे, कॉलम, झिऱ्या यांत जाते.

वजन: १९० गुणिले साडेचार, ८५५ किलो दगड. चिकट आणि प्लास्टर धरून टनाच्या वर. सिरॅमिक टाइलपेक्षा हे बरंच जास्त आहे. चार भिंतींखाली विभागलेलं असलं तरी हा आकडा, ब्लॉकची जाडी आणि बीम कुठे आहेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून लेखी घ्या. सोसायटीही नूतनीकरणाच्या परवानगीला तेच मागेल. तो नको म्हणाला तर तोच ग्रॅनाइट १० मिमी टाइलमध्ये मिळतो, वजन जवळपास निम्म्यावर येतं. मग डायव्हर्टरची खोली पुन्हा मोजा.

---

थरावर_थर

४५ किलो एकदम आणलेत तर पिशवीवरची तारीख बघा, जुन्या पावडरीत खडे धरलेले असतात. खडे चाळून वापरू नका, पिशवी परत करा.

आणि मिस्त्रींची खात्री पटवायची असेल तर भांडू नका. कोटिंग सुकलं की दाराच्या बाजूच्या भिंतीवर, खाली, ग्रॅनाइटचा चार इंची तुकडा त्याच चिकटाने लावा. आठवड्याने छिन्नी लावून मिस्त्रींनाच काढायला सांगा. पाठीला ब्लॉकचा किंवा प्लास्टरचा लचका आला तर कोटिंग पास. कोटिंगची स्वच्छ, सपाट पाठ निघाली, तर राख, पाणी किंवा साय यांपैकी काहीतरी चुकलंय, ते शोधल्याशिवाय पहिला तुकडा चढवू नका. उखडलेल्या जागी दोन हात परत मारायचे, जुन्या कोटिंगवर चार इंच चढवून.

---

काळापत्थर

जैसलमेरला सीलर लावायची घाई करू नका एवढंच. चिकटातलं पाणी दगडातूनच बाहेर पडणार असतं. मागे कोटिंग आहे, त्यामुळे दुसरी वाटच नाही. ते निघायच्या आत सीलर मारला तर आत ढगासारखे गडद डाग अडकतात. दोन-तीन आठवडे, सगळा पट्टा एका रंगाचा दिसेपर्यंत थांबा. मग आत मुरणारा सायलेन-सायलोक्सेन सीलर घ्या, चकाकी देणारा लॅकर नाही. आधी उरलेल्या तुकड्यावर लावून, सुकवून, वर पाण्याचे थेंब टाका. दहा मिनिटांत डाग गडद झाला तर अजून एक हात.

पांढरा लोणा वर आला तर कोरड्या ब्रशने झाडा. अॅसिड लावू नका. बाथरूम साफ करायचं हिरवं-निळं लिक्विडसुद्धा त्या पट्ट्याजवळ नको, बहुतेकांत अॅसिडच असतं.